लहरी चाचणीची गोष्ट

(पळसदरीच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता 'संगणक आणि स्त्रिया'. तो मी बाजूला ठेवते. कुठल्याही विषयाला 'आणि स्त्रिया' असं शेपूट लावलं की त्याचं भाषण होतं, आणि ऐकणारीच्या हाताला काही लागत नाही. त्यापेक्षा मी एक काम केलं, साधारण तीन आठवड्यांचं, तेच सांगते. काम प्रोग्रामिंगचं आहे. पण ज्यांनी बचत गटाची वही लिहिली आहे, ज्यांनी रेशनच्या दुकानात काटा बघितला आहे, त्यांना सगळं समजेल. नाही समजलं तर मध्येच थांबवा.

मी इथली, पळसदरीचीच. शाळा कर्जतला. वडील रेल्वेत होते, बँकर इंजिनावर. कर्जतला पुण्याची गाडी थांबते, मागून धाडकन धक्का बसतो आणि वडेवाला सांडतासांडता वाचतो, ते बँकर. इथून पुढे घाट आहे, ३७ फुटांना १ फूट चढ. मुंबईपासून एका इंजिनाने आलेली गाडी, तेच डबे, तीच माणसं, पण कर्जतच्या पुढे मागून जादा इंजिनं लावल्याशिवाय चढत नाही. लहानपणी मी विचारायचे, "बाबा, कर्जतला गाडी जड होते का?" ते म्हणायचे, "गाडी तेवढीच असते गं. जमीन बदलते." हे वाक्य मला पुढे उपयोगी पडलं आणि एका जागी त्याने मला फसवलंही. ते सांगतेच.

(या घाटाचंच आणखी एक. लाइन बांधायचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि लगेचच वारला. कंत्राट पुढे त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, पुरं करून घेतलं आणि १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली. शाळेत आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. असो.)

आमचा प्रोग्राम बचत गटांच्या संघांसाठी आहे. गटाची बचत, कर्ज, व्याज, वर्षअखेरचे उतारे, सगळं त्यात. तो चालतो तालुक्याच्या ऑफिसातल्या मशीनवर, आणि ती मशीनं बहुतेक कोणीतरी देणगी दिलेली असतात. दोन कोअरचा प्रोसेसर, एक जीबी मेमरी. मेमरी म्हणजे काय, तर स्वयंपाकाचा ओटा. डिस्क म्हणजे फडताळ. फडताळात कितीही भरा, पण काम करायचं तर सामान ओट्यावर काढावं लागतं, आणि ओटा लहान असेल तर काहीतरी खाली पडणार. लिनक्समध्ये मेमरी अगदी संपली की यंत्रणा स्वतःच एखादा प्रोग्राम निवडते आणि बंद पाडते. निवड बहुतेक वेळा सगळ्यात जास्त जागा अडवणाऱ्याची होते. त्या मशीनवर तो मान आमच्या प्रोग्रामचा.

एका मार्चअखेरीला तसंच झालं. एका तालुक्यात गटांच्या बायका सह्या करायला आल्या होत्या, काही पाड्यांवरून चालत. हिशेबनीस ताईंचा फोन आला. "ताई, सगळं भरलं, उतारे छापायला टाकले आणि ते गपकन बंद पडलं. परत चालू केलं, परत बंद. मी काय चुकलं का माझं?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक आमची होती. पण मला ती सापडेपर्यंत दुपार झाली, बायका एसटी गाठायला निघून गेल्या. दिवसाची मजुरी बुडाली, सह्या राहिल्या आणि दोन गटांची बँकेकडची कर्जप्रकरणं महिनाभर पुढे गेली. ताईंचं ते 'माझं काय चुकलं का' मला फार लागलं. यंत्र बंद पडतं आणि बाई माफी मागते.

त्यानंतर मी एक चाचणी लिहिली. आमच्याकडे कोणीही प्रोग्राममध्ये बदल केला की एक वेगळं मशीन, त्याला बिल्ड मशीन म्हणतात, सगळा प्रोग्राम पुन्हा बांधतं आणि त्याच्यावर शेकडो चाचण्या चालवतं. एक जरी चुकली तरी पडद्यावर लाल, आणि लाल असताना बदल पुढे जात नाही. माझी चाचणी अशी: बाराशे सभासदांची तीन वर्षांची वही घ्यायची, सगळे उतारे तयार करायचे आणि त्या वेळात प्रोग्रामने जास्तीत जास्त किती मेमरी व्यापली ते बघायचं. १५० एमबीच्या वर गेली की लाल. आमच्या बिल्ड मशीनवर तो आकडा १४२ ते १४५ यायचा. दोन वर्षं ती चाचणी शहाण्यासारखी वागली. तीनदा लाल झाली, तिन्ही वेळा खरंच कोणीतरी काहीतरी सांडून ठेवलेलं होतं.

मग मशीन बदललं. जुनं होतं ऑफिसच्या कोपऱ्यातलं, चार कोअरचं, धूळ खाणारं. त्याच्या जागी भाड्याचं घेतलं, दूर कुठेतरी असलेलं, ३२ कोअरचं. असं सगळीकडे चालतं. गिटहबने जानेवारी २०२४ मध्ये सार्वजनिक प्रकल्पांना मिळणारी फुकट मशीनं दोन कोअरवरून चार कोअरची केली, मेमरी ७ जीबीवरून १६ केली. कोणी तक्रार करत नाही, काम लवकर होतं. आमच्याही बाकीच्या चाचण्या पंधरा मिनिटांच्या तीन मिनिटांवर आल्या. सगळे खूष. माझी एकटी लाल.

पहिल्या दिवशी ती सरसकट लाल होती. आमच्या टीमच्या प्रमुखाने विचारलं, "मर्यादा १७५ करू?" मी म्हटलं करा. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकताना तुम्हाला वाटेल की सगळे एकीकडे आणि ही बिचारी एकीकडे. तसं नव्हतं. मला त्या दिवशी चार दुसरी कामं होती आणि बाबांचं वाक्य डोक्यात होतं: गाडी तेवढीच, जमीन बदलली. मी मान्यतेचं बटण दाबलं.

मग ती कधी हिरवी, कधी लाल व्हायला लागली. प्रोग्राममध्ये एका अक्षराचा बदल नसताना सुद्धा. दहा-बारा वेळांत एकदा लाल. अशा चाचणीला आमच्या धंद्यात 'फ्लेकी' म्हणतात. आमच्या टीममधली मुलं मराठी, ती म्हणायची 'लहरी'. आणि चाचणी हा शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे पुढचं सगळं ओघानेच आलं. आज तिचा मूड नाही. आज तिला बरं वाटत नाहीये. जाऊ दे, तिचं मनावर घेऊ नको. मीही हसले असेन एकदोनदा.

एका तरुण सहकाऱ्याने त्यावर तोडगा काढला: चाचणी लाल झाली तर आपोआप पुन्हा चालवायची, तीनदापर्यंत, आणि त्यात एकदा जरी हिरवी झाली तरी हिरवी धरायची. मुलगा चांगला आहे, हुशार आहे, हे सगळीकडे करतात आणि त्याने वेळ वाचवायलाच केलं. आठवड्याच्या बैठकीत त्याने ते सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तीनदा विचारायचं आणि एकदा हो म्हणाली की हो धरायचं. हे आपण आणखी कुठे ऐकलंय?" कोणी काही बोललं नाही. नवीन लागलेली एक मुलगी हसली आणि पटकन वहीत बघायला लागली. तोडगा तसाच राहिला, कारण माझ्याकडे दुसरा नव्हता.

दोन आठवड्यांनी मी नोंदी उघडून बघितल्या. पडद्यावर सगळं हिरवं होतं, पण आत बघितलं तर पहिल्या फेरीत चाचणी आता दहातून चारदा लाल होत होती. आधी दहा-बारांत एकदा, आता दहात चार. तीनदा विचारण्यामुळे ते पंधरा-सोळांत एकदाच वर दिसायचं. लहरी माणसाची लहरही अशी एका दिशेने वाढत जात नाही. तेव्हा मी प्रमुखाकडून आठवडा मागून घेतला. तो म्हणाला, "एका चाचणीसाठी आठवडा?" मी म्हटलं, मार्चअखेर जवळ आलीय.

तो आठवडा मी इथे घरीच बसून काम केलं. पाऊस नसला की आपल्याकडे इंटरनेट बरं चालतं.

पहिलं काम, मोजणं. सगळ्या चाचण्या पन्नास वेळा चालवल्या आणि माझ्या चाचणीचा प्रत्येक आकडा वहीत लिहिला. हो, कागदाच्या वहीत. मला असं लिहिल्याशिवाय दिसत नाही. पन्नासातले ४६ आकडे होते १६२ ते १८७ च्या दरम्यान, पसरलेले. उरलेले ४ होते २४४ ते २४७. मधे काहीच नाही. हे बघून मला पहिल्यांदा धीर आला. एकच दुखणं असतं तर आकडे असे दोन टोळ्यांत बसले नसते. आणि मोठे चार तर एकमेकांना चिकटून होते. जे लहरी असतं ते इतकं नेमकं नसतं.

मग दोन्ही मशीनमधले फरक बघायला लागले. मेमरी पानांनी मोजली जाते, जशी ज्वारी पायलीने. पान मोठं असेल तर दोन दाण्यांनाही अख्खी पायली लागते. काही मशीनचं पान ४ केबीचं असतं, २०२० नंतरच्या अॅपलच्या संगणकांचं १६ केबीचं, काही सर्व्हरचं ६४ केबीचं. आमच्या दोन्ही मशीनवर ४ केबीच निघालं, म्हणजे ते नव्हे. नव्या मशीनवर मात्र मोठी पानं आपोआप देण्याची एक सोय चालू होती, दोन एमबीची पानं. ती जुन्यावर बंद होती. मला वाटलं सापडला चोर. बंद करून बघितली. आकडे पाच-सहा एमबीने खाली आले, पसारा तेवढाच. एक दिवस गेला.

खरं कारण कोअरच्या संख्येत होतं. आमचा प्रोग्राम उतारे करताना काम वाटून देतो, जितके कोअर तितके हात. या हातांना थ्रेड म्हणतात. जुन्या मशीनवर चार हात, नव्यावर बत्तीस. आता लग्नघर डोळ्यांसमोर आणा. पोळ्या लाटायला चार बायका असल्या तर पिठाचा एकच डबा पुरतो, जिला लागेल ती घेते. बत्तीस बायका बसवल्या तर डब्यापाशी रांग लागेल. म्हणून प्रत्येकीला वेगळी परात देतात, पीठ घालून. काम भराभर होतं. पण संध्याकाळी बघाल तर प्रत्येक परातीत मूठ-मूठ पीठ उरलेलं. ते डब्यात परत जात नाही, आणि शेजारणीचं संपलं तरी ती तुमच्या परातीत हात घालत नाही, डब्यातून नवीन घेते. लिनक्समध्ये प्रोग्रामला मेमरी वाटणारा जो भाग आहे, ग्लिबसी नावाच्या संचातला, तो असंच करतो. २००९ नंतरच्या त्याच्या आवृत्त्यांत थ्रेडना वेगवेगळ्या पराती मिळायला लागल्या. त्यांना 'अरेना' म्हणतात. ६४ बिटच्या मशीनवर जास्तीत जास्त किती, तर कोअरच्या आठपट. बत्तीस कोअर म्हणजे अडीचशेच्या वर परातींची मुभा.

आणि पसारा का? कारण कुठल्या हाताला कुठलं काम मिळेल हे दर वेळी बदलतं. शेजारी दुसऱ्या चाचण्याही चालू असतात, कोणाला कधी प्रोसेसर मिळेल सांगता येत नाही. कधी मोठा गट एका परातीत जातो, कधी तीन मोठे गट तीन परातींत. उरलेलं पीठ दर वेळी वेगळं.

हे काही माझं संशोधन नाही. हडूप नावाची मोठी प्रणाली आहे, हजारो मशीनवर माहितीचे ढीग उपसणारी. तिच्या लोकांना २०११ सालीच हा त्रास झाला होता आणि त्यांनी प्रोग्राम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच परातींची संख्या ४ वर बांधून टाकली. त्यासाठी एक तयार सेटिंग आहे. मी ते २ वर ठेवून बघितलं, हात बत्तीसच ठेवून. पसरलेले ४६ आकडे १६० ते १६४ मध्ये येऊन बसले.

आता राहिले ते चार, २४४ वाले. इथे मला अंगणवाडी आठवली. बाळाचं वजन करायचं असतं, बाळ रडतं, आईचा पदर सोडत नाही. काही ठिकाणी मग आईला बाळासकट काट्यावर उभं करतात आणि आईचं वजन वजा करतात. आमच्याकडे वजा करायलाच विसरले होते. एक प्रोसेस दुसरीला जन्म देते तेव्हा मूल काही क्षण आईच्याच मेमरीत असतं, मग ते स्वतःचा प्रोग्राम लोड करतं आणि वेगळं होतं. पण 'आजवरचं सर्वांत जास्त वजन' ही जी नोंद मी वाचत होते, ती वेगळं झाल्यावर पुसली जात नाही, आईच्या कडेवरचा आकडाही त्यात धरला जातो. जुन्या मशीनवर प्रत्येक चाचणीला नवीन, हडकुळी आई होती, म्हणून कधी कळलं नाही. नव्यावर वेग यावा म्हणून ३२ कायमच्या प्रोसेस ठेवल्या होत्या, त्या एकामागून एक चाचण्या चालवायच्या. त्यातल्या एकीने आधी मोठी आयात करण्याची चाचणी चालवलेली असली की ती फुगून २४५ एमबीची व्हायची. माझी चाचणी तिच्या वाट्याला आली की माझ्या बाळाचं वजन २४५. म्हणून ते चार आकडे इतके नेमके होते. त्यांत माझ्या प्रोग्रामचा आकडा नव्हताच. लिनक्सच्या दुसऱ्या एका नोंदीत, प्रत्येक प्रोसेसच्या स्वतःच्या खात्यात, शिखराचा आकडा नव्याने सुरू होतो. तो वाचायला लागले आणि चारही गेले.

इथे मला थांबता आलं असतं. दोन कारणं सापडली होती, मर्यादा १७५ होती, आकडे तिच्या आत होते, सगळं हिरवं. शुक्रवार होता. पण सगळ्यात साधी गोष्ट मी केलीच नव्हती: हात पुन्हा चारच ठेवायचे, जुन्या मशीनसारखे, परातींना हात न लावता, आणि बघायचं की जुना आकडा येतो का. केलं. १५६ ते १६०.

जुन्या मशीनवर चार हातांनी १४२ ते १४५ येत होतं.

मी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. मग प्रोग्रामची तीन आठवड्यांपूर्वीची, मशीन बदललं त्या दिवशीची आवृत्ती काढली आणि नव्या मशीनवर चार हातांनी चालवली. १४२ ते १४६. म्हणजे जमीन बदलली होती हे खरं, पण या वेळी गाडीही जड झाली होती. १४ एमबी. मशीन बदलल्यानंतर, आमच्या तीनदा विचारण्याच्या काळात, कोणीतरी प्रोग्राममध्ये १४ एमबीचं ओझं चढवलं होतं. म्हणूनच लाल होण्याचं प्रमाण दहात चारवर गेलं होतं. १५० ची मर्यादा असती तर त्याच दिवशी लाल दिसलं असतं.

१४ एमबी म्हणजे फार नाही, असं तुम्हाला वाटेल. आमच्या चाचणीतली वही लहान आहे. त्या तालुक्याची तिच्या तिपटीहून मोठी, तिथे याचे चाळीसच्या वर झाले असते, आणि त्या मशीनवर तेवढी जागा शिल्लक नव्हती. ही आवृत्ती पुढच्याच आठवड्यात तिकडे जाणार होती. मार्चअखेरच्या आधी.

कोणी चढवलं हे शोधायची रीत सोपी आहे. त्या तीन आठवड्यांत ६१ बदल झाले होते. मधला घ्यायचा, मोजायचं. जड असेल तर आधीच्या अर्ध्यात शोधायचं, हलका असेल तर नंतरच्या. सहा वेळा मोजलं की एकच बदल उरतो. शनिवारी सकाळी सहावं मोजमाप झालं. बदल माझा होता.

हिशेबनीस ताईंनीच मागितलं होतं की उताऱ्यावर गेल्या वर्षीची शिल्लकही दिसावी, बायका विचारतात. योग्य मागणी. मी एका संध्याकाळी घाईत केलं आणि एका शिलकीच्या आकड्यासाठी गेल्या वर्षीच्या सगळ्या नोंदी ओट्यावर काढून ठेवल्या, काम संपेपर्यंत. एक लिंबू हवं म्हणून अख्खी टोपली. माझी स्वतःची चाचणी मला ते ओरडून सांगत होती, दहातून चारदा, आणि मी तिला तीनदा विचारणाऱ्यांच्या पंगतीत बसले होते. त्या शनिवारी तळ्यावर जाऊन बसले थोडा वेळ. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं ते तळं, इंजिनं गेली, तळं राहिलं. कितीतरी गोष्टी कशासाठी बांधल्या ते विसरूनही चालू राहतात. तशीच माझी चाचणी झाली होती, मर्यादा १७५, उत्तर कसंही हिरवं.

दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. शिलकीचा फक्त आकडा ठेवायचा, नोंदी सोडून द्यायच्या. चौदाच्या चौदा एमबी परत आले.

चाचणीचं काय करायचं यावर मात्र सोमवारी बराच वाद झाला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. प्रमुखाचं म्हणणं, परातींचं सेटिंग बिल्ड मशीनवर लाव, हात दोन कर, झालं. मी म्हटलं, नाही. फक्त चाचणीत लावलं तर चाचणी हिरवी होईल आणि तालुक्यातला प्रोग्राम तसाच राहील. काट्याला पासंग लावून वजन बरोबर दाखवण्यासारखं ते. जे सेटिंग चाचणीत लावायचं ते प्रोग्राममध्येच लावायचं, बायकांच्या मशीनवर जाणाऱ्या स्क्रिप्टमध्ये. म्हणून आता आमचा प्रोग्राम कुठेही चालवा, दोनपेक्षा जास्त हात लावतच नाही आणि पराती दोनच घेतो. उतारे आमच्या मोठ्या मशीनवर थोडे सावकाश होतात. होऊ देत. तिथे कोणाची एसटी चुकत नाही.

तरुण सहकाऱ्याने सुचवलं होतं की मोठ्या मशीनमध्येच एक लहान मशीनचं कुंपण घालू, दोन कोअर, एक जीबी, आणि आत चाचणी चालवू. कल्पना चांगली, आम्ही ती घेतलीही. पण त्यात एक खोच आहे. असं कुंपण कामाचा वेग बांधतं, तरी आतल्या प्रोग्रामने 'किती कोअर आहेत' असं विचारलं तर बऱ्याचदा उत्तर बाहेरचं, बत्तीसच येतं. जावासारख्या मोठ्या भाषेलाही हे कुंपण नीट ओळखायला २०१८ सालची दहावी आवृत्ती यावी लागली. आमच्या प्रोग्रामला ते ओळखता येत नव्हतं, म्हणून हातांची संख्या आम्हाला स्पष्ट लिहूनच द्यावी लागली. त्याने हे स्वतः शोधलं आणि स्वतःच बैठकीत सांगितलं. तीनदा विचारण्याचं कलमही त्यानेच काढून टाकलं, मला सांगावं लागलं नाही.

शेवटी चाचणी शंभर वेळा चालवली. दोन हात, दोन पराती, आईचं वजन वगळून: १२१ ते १२३. शंभरच्या शंभर. मर्यादा ठेवली १२८. प्रमुख म्हणाला, "फार घट्ट नाही का?" मी म्हटलं, आता काटा सरळ आहे, घट्ट ठेवायला हरकत नाही. मर्यादेच्या शेजारी मी एक ओळ लिहून ठेवली, ती कोणालाही वाचता येते: हा आकडा बदलायचा असेल तर आधी तालुक्याला फोन करा. कोणाला करायचा तेही लिहिलंय.

त्या मार्चअखेरीला मी मुद्दाम तिकडे गेले. उतारे छापून झाले, सह्या झाल्या. काही घडलं नाही, त्यामुळे सांगण्यासारखंही काही नाही. हिशेबनीस ताईंना मी पडद्यावर मेमरीचा आकडा कुठे दिसतो ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग हा पण रजिस्टरात लिहीत जाऊ का?" आणि आता दर महिनाअखेरीला लिहितात, शिलकीच्या खाली, लाल शाईने. कधी वाढला तर फोन करतात. "ताई, या वेळेला नऊ जास्त आहे. तुमच्याकडे काय केलंत?" असं विचारतात आता. 'माझं चुकलं का' विचारत नाहीत.

पुढच्या महिन्यात आमचं बिल्ड मशीन पुन्हा बदलतंय. दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरचं, स्वस्त पडतं म्हणून, आणि त्याचं पान ६४ केबीचं आहे. चाचणी पहिल्या दिवशी लाल होणार हे मला माहीत आहे. वही काढून ठेवली आहे, जुन्या मशीनचे पन्नास आकडे त्यात आधीच लिहून झालेत.

आता प्रश्न विचारा. ज्यांना कर्जतला जाऊन पुढची गाडी पकडायची आहे त्यांनी आधी विचारा, माझं घर इथेच आहे.